वसईहून निशिझाका : संत गोन्सालोच्या वाटेने

पहिला दिवस : क्योटो

इचिजो मोदोरिबाशी हा क्योटोतला अगदी लहानसा पूल. खाली होरिकावाचं चिंचोळं पाणी, बाजूने धावणाऱ्या बसेस. लोक इथे येतात ते भुताखेतांच्या जुन्या गोष्टींसाठी आणि जवळच्या सेइमेई देवळासाठी. आम्ही भाऊबहीण आलो होतो ते आमच्या गावच्या माणसासाठी.

जानेवारी १५९७ मध्ये या पुलापाशी चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या गेल्या. हुकूम खरं तर नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. अधिकारी इशिदा मित्सुनारी याने तो सौम्य करून घेतला. मग कैद्यांना बैलगाड्यांत बसवून शहरभर धिंड काढली आणि पुढे ओसाका, साकाई करत थेट नागासाकीच्या निशिझाका टेकडीकडे नेलं, क्रूसावर मारायला. ऐन हिवाळ्यात महिनाभराची वाट. या चोवीस जणांत एक वसईकर होता, गोन्सालो गार्सिया.

वसईत त्याचं नाव माहीत नाही असं ख्रिस्ती घर सापडणार नाही. गासचं चर्च त्याच्या नावाचं, कॉलेज त्याच्या नावाचं. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जन्म साधारण १५५७चा. वसई किल्ल्यातल्या जेझुइट संघाच्या फादरांकडे शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा अशी आत्मसात केली की ऐकणाऱ्याला तो परका वाटू नये. जेझुइट व्हायची त्याची इच्छा पुरी झाली नाही. मग व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता हे फादर जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून गेले, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो बरोबर होता. क्योटोत त्यांनी गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला. पुढे १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं. त्यातला माल जप्त झाला, बाचाबाची झाली, मिशनरी म्हणजे परक्या राजाचे हेर हा हिदेयोशीचा संशय बळावला. राग निघाला तो या माणसांवर.

दादाने पुलाच्या कठड्यावर हात ठेवले आणि बराच वेळ काही बोलला नाही. वहिनी गेल्या पावसाळ्यात गेली. दोन वर्षं कॅन्सर होता. दादाने तिचं सगळं केलं. शेवटच्या महिन्यांत तर तिला कुशीवर वळवण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं. भेटायला येणारी माणसं चांगल्या मनानेच म्हणायची, ‘देव आपल्या आवडत्या माणसालाच क्रूस देतो.’ अंत्यविधीनंतर दादा चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला यायचा, पण मागच्या बाकावर बसायचा आणि कम्युनिअन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायला उठायचा नाही.

पुलावरून निघताना तो म्हणाला, “गोन्सालोने क्रूस उचलला, मला मान्य आहे. पण हिने कधी उचलला गं? हिच्यावर तर तो येऊन पडला.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना इतकी वर्षं ‘आपापला क्रूस’ शिकवत आले, पण या दोन गोष्टी वेगळ्या काढून कधी पाहिल्याच नव्हत्या.

दुसरा दिवस : मिहारा, मग नागासाकी

ओकायामाला गाडी बदलून मिहाराला उतरलो. या स्टेशनचं बांधकाम थेट जुन्या किल्ल्यावरच केलेलं आहे. स्टेशनातूनच किल्ल्याच्या दगडी चौथऱ्यावर जाता येतं. वर बाकं, थोडी झाडं, खाली खंदकाचं पाणी. कैद्यांचा मुक्काम इथे पडला होता आणि इथेच तोमास कोझाकी या चौदा वर्षांच्या मुलाने आईला पत्र लिहिलं. त्याचे वडील मिगेल धनुष्यं बनवायचे. तेही त्याच रांगेत होते. पत्र आईपर्यंत पोचलं नाही. मिगेल यांच्या मृतदेहावर ते रक्ताने भिजलेलं सापडलं.

पोर आईला सांगतो की आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ. आणि मरणाच्या वेळी फादर जवळ नसले तरी मनापासून पश्चात्ताप कर, देव क्षमा करील. मी हे दादाला वाचून दाखवलं. पुढे नागासाकीतल्या ओउराच्या चर्चमध्ये मला हे पत्र पुन्हा आठवलं, त्याबद्दल त्या दिवसाच्या नोंदीत लिहीन.

वाटेत या चोवीस जणांत आणखी दोघांची भर पडली. पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस्को हे दोघे कैद्यांची सेवा करत मागोमाग चालत होते. पहारेकऱ्यांनी त्यांनाही बांधलं. त्यांची नावं कोणत्याही यादीत नव्हती. ते घरी परत गेले असते तर कोणी अडवलं नसतं.

हाकाताला गाडी बदलली, ताकेओ-ओन्सेनला पुन्हा एकदा, आणि अंधार पडता पडता नागासाकीला पोचलो. स्टेशनजवळच चाम्पोन खाल्लं. मोठ्या वाडग्यात नूडल्स, कोबी, कोळंबी, पांढरट गरम रस्सा. दादाने वाडगा संपवला, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं.

तिसरा दिवस : तोगित्सु ते निशिझाका, पायी

४ फेब्रुवारी १५९७च्या रात्री कैद्यांना सोनोगीहून होड्यांत घालून ओमुरा उपसागरापलीकडे तोगित्सुला आणलं. हात बांधलेले, वर थंडी. उजाडेपर्यंत होडीतच ठेवलं. सकाळी उतरवून डोंगरातल्या वाटेने नागासाकीकडे चालवत नेलं. आम्ही सकाळच्या बसने तोगित्सु गाठलं, किनाऱ्याजवळचा स्मारकाचा दगड पाहिला आणि चालायला सुरुवात केली. दहा-बारा किलोमीटरची वाट.

वाट आता मोठा रस्ता झाली आहे. मोटारींची दुकानं, पेट्रोलपंप, शाळेतून सुटलेली मुलं. भक्तिभाव मनात आणायला काहीही मदत करणारं नाही, आणि मला ते बरं वाटलं. वसईत पवित्र आठवड्यात आम्ही क्रूसाची वाट करतो तेव्हा चौदा स्थानं असतात, प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकतो, गातो. इथे तसं काही नव्हतं. नुसतं चालणं होतं, बुटात भिजलेले मोजे होते आणि मधूनच पडणारा बर्फाचा भुरभुरता पाऊस.

चालता चालता दादा वहिनीबद्दल बोलू लागला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच इतकं. म्हणाला, केमोच्या दिवसांत तिला सगळ्यात जास्त त्रास कशाचा व्हायचा माहीत आहे? उलट्यांचा नाही. कोणीतरी येऊन सांगायचं की हे दुःख देवाला अर्पण कर, आणि ते गेल्यावर ती मला विचारायची, ‘मी ते नीट अर्पण करत नाही का हो? म्हणून बरी होत नाही का?’

मला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. दुखणाऱ्या माणसाला आपण दुखण्याबरोबर परीक्षाही द्यायला लावतो. आपलं दुःख कोणी स्वतःहून ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडलं तर त्यात मोठी ताकद असते, हे मी आजही मानते. आमच्या आजीत ती मी पाहिली आहे. पण ते जोडणं ज्याचं त्याने करायचं. खाटेशेजारी उभं राहून दुसऱ्याने सांगायची ती गोष्ट नाही.

“वर्षदिनाच्या मिस्साचं कार्ड छापायचंय,” दादा म्हणाला. “छापखानेवाल्याने नमुना पाठवलाय. सुरुवातच ‘प्रभूच्या इच्छेने’ अशी.”

“मग?”

“मग काही नाही. अजून कळवलं नाही त्याला.”

नागासाकीच्या उराकामी भागातून पुढे गेलो. त्या सकाळी कैद्यांनाही उराकामीत कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यापाशी थोडा वेळ थांबवलं होतं. तिथे काहींनी पापनिवेदन केलं. क्योटोत कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या माणसांना शेवटचा विसावा मिळाला तोही कुष्ठरोग्यांच्याच दारात.

निशिझाकाला पोचलो तेव्हा दोघांचेही पाय सुजले होते. स्मारक लांबून पाहिलं आणि हॉटेलवर गेलो.

चौथा दिवस : निशिझाका, रविवार

टेकडी म्हणण्याइतकी ती आता उंच वाटत नाही. स्टेशनपासून चढ चढून पाच मिनिटांत आपण वर. त्या काळी समुद्र पार पायथ्याशी होता. सव्वीस क्रूस ओळीने उभे केले होते. जपानी पद्धतीत खिळे ठोकत नसत. मान, हात आणि पाय लोखंडी कड्यांनी व दोऱ्यांनी क्रूसाला जखडायचे आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसायचे. परंपरा सांगते की क्रूसावर सगळ्यात आधी चढवला गेला तो गोन्सालो.

स्मारक १९६२ मध्ये उभारलं, त्यांना संत घोषित करून शंभर वर्षं झाली त्या निमित्ताने. शिल्पकार फुनाकोशी यासुताके. दगडी भिंतीवर सव्वीस ब्रॉन्झचे पुतळे एका ओळीत. मी जवळ जाऊन पाय पाहिले. सगळ्यांचे पाय अनवाणी आणि बोटं खाली झुकलेली, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची नसतात तशी. कोणीही क्रूसावर जखडलेला दाखवलेला नाही. हात जोडलेले, ओठ विलग झालेले, गाताना होतात तसे. फक्त दोघांचे हात उघडे आहेत, पेद्रो बाउतिस्ता आणि पाउलो मिकी. मिकी हा जपानी जेझुइट. क्रूसावरून त्याने शेवटचं प्रवचन दिलं आणि त्यात हिदेयोशीला आणि मारेकऱ्यांना क्षमा केली. गोन्सालो मधल्या भागात आहे. दादाने त्याच्या नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

ओळीत तीन पुतळे बुटके आहेत. तोमास कोझाकी, तेरा वर्षांचा आन्तोनियो आणि बारा वर्षांचा लुइस इबाराकी. लुइसला वाचवण्याची अधिकाऱ्याची इच्छा होती, श्रद्धा सोडली तर सोडतो म्हणाला होता. पोराने नाकारलं आणि माझा क्रूस कोणता म्हणून विचारलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना अंगावर रोमांच यायचे. आता मी आई आहे. त्या मुलाच्या धैर्यापुढे मी मान झुकवते, पण बारा वर्षांच्या मुलाला भाल्यासमोर उभं करणाऱ्या सत्तेचा गुन्हा त्या धैर्याने कणभरही कमी होत नाही. प्रवचनांत पहिलं येतं आणि दुसरं राहून जातं, असा माझा अनुभव आहे.

मिस्सा उघड्यावरच झाली. जपानमध्ये या हुतात्म्यांचा सण ५ फेब्रुवारीला असतो आणि त्याच्या आसपासच्या रविवारी इथे लोक जमतात. म्हाताऱ्या बायका डोक्यावर पांढरी जाळीदार ओढणी घेऊन बसल्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण मिस्साचा क्रम कळत होता, आणि नावं वाचली गेली तेव्हा ‘गोन्सारो गारुशिया’ हे आम्हाला बरोबर ऐकू आलं. शेजारच्या आजींना मी खुणेने सांगितलं की आम्ही त्याच्या गावचे. त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. दादा कम्युनिअनच्या रांगेत गेला नाही.

शेवटपर्यंत माझ्या मनात ते दोघे घोळत राहिले, वाटेत बांधले गेलेले. त्यांना मरायचं नव्हतं. त्यांना कैद्यांना अन्नपाणी द्यायचं होतं, आणि त्यापायी मरण आलं तर ते सोडून पळायचं नव्हतं. प्रभू म्हणाला की आपला क्रूस उचल आणि माझ्यामागे ये, त्यात मला आता ‘माझ्यामागे’ हा भाग आधी ऐकू येतो. तो आजाऱ्यांकडे, बहिष्कृतांकडे, भुकेल्यांकडे चालला होता. त्या वाटेवर क्रूस आला.

पाचवा दिवस : उराकामी

९ ऑगस्ट १९४५. सकाळी ११ वाजून २ मिनिटं. विमान कोकुरा या शहरावर जाणार होतं, तिथे लक्ष्य दिसेना म्हणून नागासाकीकडे वळलं. अणुबॉम्ब फुटला तो उराकामीच्या डोक्यावर. कॅथेड्रल तिथून जेमतेम ५०० मीटरवर. आत त्या वेळी पापनिवेदन चाललं होतं. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० मेले. हे कॅथेड्रल त्यांच्याच आज्या-पणज्यांनी विटेवर वीट रचून उभारलं होतं, छळातून परतल्यावर, ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना गावच्या ज्या मुखियाच्या आवारात त्यांना पवित्र प्रतिमा तुडवायला लावत, त्याच जागेवर.

आजचं चर्च १९५९चं. आत एका लहान वेदीवर येशूची आई मारिया हिच्या लाकडी मूर्तीचं नुसतं डोकं ठेवलं आहे. डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी, गालावर भाजल्याचा डाग. ढिगाऱ्यातून तेवढंच मिळालं. बाहेर उतारावर मनोऱ्याचा पडलेला घुमट अजून जिथल्या तिथे आहे.

तिथून चालत न्योकोदो. डॉ. ताकाशी नागाई यांची दोन तातामींची खोली, म्हणजे दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी. नागाई क्ष-किरणतज्ज्ञ. बॉम्ब पडायच्या आधीच त्यांना रक्ताचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं होतं. बॉम्बनंतर ते जखमी अवस्थेत दिवसचे दिवस रुग्णांना तपासत राहिले. घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी पत्नी मिदोरीची हाडं आणि वितळलेली जपमाळ सापडली. पुढे या खोलीत आडवं पडून त्यांनी लिहिलं, दोन मुलांना वाढवलं आणि १ मे १९५१ रोजी ते गेले.

दादा काचेपाशी उभा राहून ती चटई पाहत होता. खाट, हाताशी पुस्तकं, पलीकडे भिंत. त्याला ती खोली कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नागाईंचं एक भाषण आहे, २३ नोव्हेंबर १९४५ रोजी पडक्या कॅथेड्रलसमोर मृतांसाठी झालेल्या मिस्साच्या वेळचं. त्यात त्यांनी मांडलं की ढगांनी विमान कोकुराहून इथे वळवलं ते देवाच्या योजनेने, युद्धाच्या पापासाठी उराकामी निष्कलंक कोकरासारखं होमबली झालं. जमलेले लोक रडले. अनेकांना त्या शब्दांनी जगायला बळ मिळालं, कारण बाहेर कुजबुज होती की परदेशी देव मानता म्हणून तुमच्यावर शिक्षा आली. पण काहींना ते तेव्हाही पटलं नाही आणि पुढे टीका वाढत गेली. देवाने मागितलं असं म्हटलं की बॉम्ब टाकणाऱ्याला आणि युद्ध लादणाऱ्याला जाब कोण विचारणार?

मी दोन्ही बाजू दादाला सांगितल्या. तो म्हणाला, “त्याची बायको गेली होती. तो स्वतः मरत होता. त्याने म्हटलं तर मी ऐकून घेईन. दुसऱ्या कोणी म्हटलं तर नाही.”

मला याहून नेमकं काही सुचत नाही. मात्र ८,५०० जणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार नागाईंनाही नव्हता, असं मला वाटतं. मिदोरीबाईंना कोणी विचारलं नव्हतं. फेब्रुवारी १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले आणि हिरोशिमात म्हणाले की युद्ध हे माणसाचं कृत्य आहे. ते वाक्य उराकामीच्या कित्येक म्हाताऱ्यांना मोकळं करून गेलं. तोवर गप्प बसलेली माणसं आपल्यावर काय गुदरलं ते बोलू लागली. देवाची मर्जी म्हणून गिळलेलं दुःख त्यांना माणसांपुढे मांडता आलं.

बॉम्बने कॅथेड्रलच्या दोन घंटांपैकी एक फुटली होती. दुसरी १९४५च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी लोकांनी ढिगाऱ्यातून काढून वाजवली. फुटलेल्या घंटेच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही एकत्र वाजल्या.

सहावा दिवस : ओउरा

ओउराचं चर्च फ्रेंच फादरांनी १८६४ मध्ये बांधलं, निशिझाकाच्या सव्वीस जणांच्या नावाने, त्या टेकडीकडे तोंड करून. ख्रिस्ती धर्मावर जपानी लोकांना तेव्हाही बंदी होती. १७ मार्च १८६५ला उराकामीची काही माणसं आत आली. त्यांच्यातली एक बाई फादर पेतिजाँ यांच्या कानाशी येऊन म्हणाली की आमचं हृदय आणि तुमचं हृदय एकच आहे, आणि मारियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. दोनशेहून जास्त वर्षं फादर नाही, मिस्सा नाही. बाप्तिस्मा गावातलेच लोक देत आले होते.

हे लोक टिकले कसे? दरवर्षी अधिकारी ख्रिस्ताची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यायला लावत. यांच्या पूर्वजांनी पाय दिला. घरी आल्यावर पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली आणि मुलांना श्रद्धा शिकवली. मिहाराच्या किल्ल्यात चौदा वर्षांच्या मुलाने आईला जे लिहिलं होतं, तेच ही माणसं पिढ्यानपिढ्या करत राहिली. त्यांच्यासाठी संतपदाची मिरवणूक निघत नाही. निशिझाकाइतकाच आदर मला त्यांच्याबद्दल वाटतो, आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना मी त्यांच्यासाठी एक ‘आमच्या बापा’ म्हटला.

त्यांच्या उघड येण्याची किंमतही त्यांनी मोजली. १८६७ पासून धरपकड झाली, उराकामीच्या तीन हजारांवर माणसांना देशभर हद्दपार केलं, सहाशेहून जास्त वाटेत आणि छळात गेले. १८७३ मध्ये बंदी उठली तेव्हा उरलेले परतले.

सातवा दिवस : सोतोमे

शेवटी बसने सोतोमेला गेलो. समुद्राकडे उतरणारे डोंगर, दगडाच्या भिंती, शित्सुचं पांढरं चर्च. फादर मार्क दे रोत्झ १८७९ मध्ये इथे आले. घरचे श्रीमंत होते, ते सगळं इथे ओतलं. नवरे समुद्रात गमावलेल्या आणि गरीब घरच्या बायकांना त्यांनी १८८३ मध्ये कामशाळा काढून दिली. विणकाम, पाव, बारीक शेवयांसारख्या सोमेन नूडल्स, चहा. चर्चचा आराखडाही त्यांचा. १९१४ मध्ये गेले, मायदेशी एकदाही परतले नाहीत.

कामशाळेत लाकडी जमीन अजून तीच. सिस्टरनी आम्हाला फादरांचं जुनं हार्मोनियम वाजवून दाखवलं आणि शेवया करायची यंत्रं दाखवली. दादाने बारकाईने विचारलं, पीठ कोणतं, तेल कोणतं, वाळवायच्या कशा. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीतून दुभाषेपणा केला. आजारपणात वहिनीला शेवटी शेवयांची पेजच तेवढी जायची, हे त्याने सिस्टरना सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. देवाच्या इच्छेबद्दल काही बोलल्या नाहीत.

परतीच्या बसला पाऊण तास होता. स्टॉपवर बसल्या बसल्या दादाने फोन काढला आणि छापखानेवाल्याला मेसेज लिहायला घेतला. “‘प्रभूच्या इच्छेने’ काढून टाक म्हणतो. नाव, दोन तारखा, मिस्साची वेळ. आणि खाली दवाखान्यातल्या त्या दोन नर्सबाईंची नावं घालायची, त्यांनी रात्री जागवल्या होत्या.”

“फादरांना विचारायचं का आधी?” मी म्हटलं.

“विचारू. प्रवचनात काय बोलायचं ते त्यांचं ते ठरवतील. कार्ड माझं आहे.”

त्याने मेसेज पाठवला आणि दोन्ही नर्सबाईंच्या नावांचं स्पेलिंग तपासायला मला फोन दिला.